पाखाडीच्या सतरा हरकती

वैशाख आला की माझ्या उजव्या हाताचं मधलं बोट दुखायला लागतं. डॉक्टर म्हणतात, वय झालं. वय तर झालंच आहे, पण ते काय फक्त वैशाखातच होतं? हे बोट दुखतं ते एका जुन्या उन्हाळ्याच्या आठवणीनं, असं माझं ठाम मत आहे. आणि रत्नागिरीकराचं मत एकदा ठाम झालं की डॉक्टरसुद्धा नाद सोडतो.

उन्हाळा यंदाही तसाच आलाय. सकाळी नऊलाच अंगणातले चिरे असे तापतात की चप्पल घातल्याशिवाय तुळशीपर्यंत जाववत नाही. माजघरात पेंढ्यात आंब्याची अढी घातलीय, तिचा वास पार उशीपर्यंत येतो. मागल्या दारी काजूच्या बोंडांवर माश्यांची जत्रा भरलीय. अशा ऐन दुपारी परवा भाच्यानं माझ्यापुढे मोबाइल धरला. "मावशी, हे बघ. शहराचा नवा आराखडा येतोय. हरकती आणि सूचना घरबसल्या पाठवायच्या. लोकसहभाग!" मी चष्मा लावला, वाचलं, चष्मा काढला. लोकसहभाग मी ह्याच्या जन्माआधी पाहिलाय, अगदी नाकासमोर बसून. तो दिसायला काही फार गोजिरवाणा नसतो, एवढंच सांगते.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी देवरूखची. लग्न होऊन नुकती कुठं रत्नागिरीत आले होते. आमचे हे शाळेत चित्रकला शिकवायचे, आणि चित्रकलेच्या मास्तराचं अक्षर किती गिचमिड असू शकतं ते मला लग्नानंतर कळलं. माझं अक्षर मात्र मोत्यासारखं. ही बातमी पाखाडीत कशी पसरली देव जाणे, पण महिन्याभरात अख्ख्या वस्तीची पत्रं मीच लिहायला लागले. मुंबईतल्या मुलांना, मस्कतच्या नवऱ्यांना, पावसच्या व्याह्यांना. कुणाच्या घरात काय शिजतंय ते मला त्यांच्या शेजाऱ्यांच्या आधी ठाऊक असायचं, आणि शेजाऱ्यांना ते खपत नसे.

आमची पाखाडी म्हणजे चिऱ्यांच्या पायऱ्यांची उतरती वाट. दोन्ही बाजूंना दगड रचलेले गडगे, गडग्यांमागे सतरा घरं. अगदी वर दादा शेवड्यांचं घर, त्याचं परस मात्र पार विहिरीपर्यंत उतरलेलं. दादा कोर्टातून नाझर म्हणून निवृत्त झाले होते, पण कोर्टाला तेवढं ते कळलं होतं, दादांना नव्हतं. मधे आमचं घर, पुढे पडवी काढलेलं. त्याच्याखाली विहीर, आणि विहिरीला अगदी खेटून हलिमाबींचं घर. तिचा नवरा जहाजावर असायचा. दर खेपेला तो यायचा तेव्हा त्या घराला काहीतरी नवं लागायचं, एकदा मंगलोरी कौलं, एकदा खिडकीचे गज, एकदा दारावर निळा रंग. बारा वर्षं ते घर असं थोडं थोडं वाढत होतं. पार तळाला धोंडूतात्या. दुसऱ्यांच्या कलमांची राखण करायचे, पण गावच्या पालखीपुढे गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराण्याचा. म्हणजे अकरा महिने ते खाली मान घालून चालायचे आणि शिमग्यात खुद्द देवाशी उभ्या उभ्या बोलायचे.

नळ होता हो आम्हाला. होता म्हणजे भिंतीतून बाहेर आलेला दिसायचा. उन्हाळ्यात तो दिवसाआड यायचा आणि "आला, आला" म्हणेपर्यंत जायचा, आणि आमच्या चढापर्यंत तर बहुतेक वेळा त्याचा नुसता सुस्कारा पोचायचा. तेव्हा खरी मदार विहिरीवर. पहिल्याच आठवड्यात माझी माहेरची तांब्याची कळशी दोरीसकट विहिरीत गेली. मी काठावर बसून भोकाड पसरलं. हलिमाबी घरातून गळ घेऊन आली, दोन्ही पाय फाकवून उभी राहिली आणि अर्धा तास ढवळून तिनं ती कळशी वर काढली. "रडू नको गो," म्हणाली, "हिच्यात पडला ता कधी जात नाय. मुकाट्यानं परत देते बिचारी." रत्नागिरीत माझ्याशी आपणहून बोललेलं ते पहिलं माणूस. सासरची माणसं तोवर फक्त सूचना देत होती.

त्या वर्षी शिमगा आटोपला, पालख्या देवळात गेल्या, आणि नगरपालिकेच्या भिंतीवर शहराचा नकाशा लागला. प्रारूप विकास आराखडा. ज्या कुणाला हरकत असेल त्यानं साठ दिवसांत लेखी द्यावी. तो बघायला पहिले गेले ते अर्थातच दादा. परत आले ते आमच्या पडवीत टोपी आपटून बसले.

"रस्ता, सूनबाई! बारा मीटर रुंद! ही अशी लाल पट्टी. वरून निघते, पाखाडी गिळते, विहीर बुजवते, नि खाली बाजाराच्या रस्त्याला जाऊन मिळते. शिंच्यांना आमची पाखाडीच सापडली!"

"आणि घरं?" मी विचारलं.

दादांनी आवाज खाली आणला. दादांचा आवाज खाली आला की समजावं, प्रकरण गंभीर आहे. "बाकीच्यांचे गडगे नि अंगणं तेवढी जातील. पण हलिमेचं घर सबंध पट्टीखाली. एक कौल राहत नाही."

"तिला सांगितलंत?"

"मी कशाला? वाईट बातमी आणणाऱ्याचं तोंड माणूस जन्मभर विसरत नाही. तुम्ही बायका बायका आहात, तुम्ही सांगा."

मी ह्यांना म्हटलं, तर हे म्हणाले, "दादाच सांगतील, त्यांना कायद्यातलं कळतं." मग मी ठरवलं, आपणच सांगू. दुसऱ्या दिवशी गेले तर तिच्या नवऱ्याचं पत्र आलेलं. मला वाचायला दिलं. बकरी ईदला येतो, यंदा माडीचं बघू, असं लिहिलेलं. आता ते वाचून झाल्यावर त्याच तोंडानं कसं सांगणार? म्हटलं, उद्या. उद्या तिच्याकडे केळशीची माणसं आलेली. परवा तिचं डोकं दुखत होतं. तेरवा माझं. असं करत करत ती बातमी माझ्या घशाशी राहायलाच आली आणि मला तिची सवय झाली.

इकडे दादांनी फर्मान काढलं. "सतरा सह्यांचा एक अर्ज म्हणजे कायद्याच्या दृष्टीनं एक हरकत. सतरा घरांचे सतरा अर्ज म्हणजे सतरा हरकती. साहेबाचं टेबल वाकलं पाहिजे!" युक्तिवाद बिनतोड होता. आणि कोकणी माणसाला हरकत घे म्हणून सांगणं म्हणजे माशाला पोह म्हणण्यातलाच प्रकार. दुसऱ्या दुपारपासून आमच्या पडवीत रांग लागली.

पहिले धोंडूतात्या. खांबाला टेकून उकिडवे बसले. "सूनबाय, लिवा. माजी हरकत हाय दादांच्या फणसावर."

"तात्या, हरकत रस्त्यावर घ्यायची आहे."

"रस्त्याचा बाकीचे लिवतीलच की. सोळा घरा हायत. माजा दुकना येगळा. फणस दादांचा, पन फांदी इहिरीवर. पिकला की धबाकदिशी पान्यात. मंग तीन दिस पान्याला फणसाचा वास. ह्या सालात चार पडले. लिवा, चार. नि दादांना सांगू नका."

मी लिहिलं. दुसऱ्या आल्या वरच्या आळीच्या काकू. त्यांची हरकत होती की खालच्या अंगाची माणसं विहिरीवर कपडे आपटतात. तिसरे आले खालच्या अंगाचे, त्यांची हरकत होती की वरच्या आळीचं मोरीचं पाणी विहिरीच्या पायऱ्यांवर येतं. कुणाची घागर कुणी बदलली होती, कुणाची पाळी कुणी चोरली होती, कुणी पहाटे येऊन वरचं निवळ पाणी नेऊन बाकीच्यांना गाळ ठेवत होतं. प्रत्येकजण जाताना दोन वाक्यं न चुकता म्हणायचा. रस्त्याचं बाकीचे लिहितीलच. आणि, कुणाला सांगू नको हो.

तुम्ही हसाल. मीही आता हसते. पण आमचंही अगदीच काही चूक नव्हतं. रस्ता होता कागदावर, लाल शाईचा, तो कधी यायचा कुणास ठाऊक. फणस मात्र आज पडत होता. शिवाय सरकार आपणहून विचारतंय, तुमची काही हरकत आहे का? असं त्याआधी आम्हाला कुणी कधी विचारलंच नव्हतं. घरात नाही, दारात नाही. मग विचारल्याबरोबर माणसाच्या तोंडून जे आधी बाहेर पडायचं तेच पडलं. हल्ली आमच्या वस्तीचा मोबाइलवर गट आहे. तिथं कुणी काही विचारलं की पन्नास अंगठे वर होतात आणि दोन जोडलेले हात. एक माणूस हरकत घेत नाही. मला ते बघून फार उदास वाटतं. इतकी एकी बरी नव्हे.

आमच्या ह्यांनीसुद्धा अर्ज दिला. काय विषय? तर हलिमाबींच्या बकऱ्या विहिरीवरच्या दगडी डोणीत तोंड घालतात. मी म्हटलं, "अहो, त्या बाईचं घर जातंय, आणि तुम्ही बकऱ्यांवर काय लिहिताय?" तर म्हणाले, "घराचं दादा लिहितायत की. मी परत तेच कशाला लिहू? हरकतीत वैविध्य हवं." चित्रकलेचा मास्तर. मी लिहून दिला. माझ्या हातानं.

आणि एक दिवस स्वतः हलिमाबी आली. "सगळी लिवतात तर माजा पन एक लिव." तिची हरकत दादांच्या कप्पीवर. विहिरीच्या आडव्या लाकडाला जी कप्पी होती ती दादांच्या वडलांनी बसवलेली, म्हणून दादा आपलं पाणी भरून झालं की ती काढून, फडक्यानं पुसून घरी नेत. मग बाकीच्यांनी हातावर दोर ओढायचा. "माजे हात बघ," तिनं तळवे पुढे केले. मी बघितले. लिहिलं. तिला वाटत होतं, नगरपालिका कप्प्या वाटते आहे. लाल पट्टीचा तिला पत्ताच नव्हता. तिच्या दारावरून रोज सोळा घरं पाणी नेत होती आणि सोळाही घरांना ठाऊक होतं. माझं पेन थांबलं. तोंड उघडलं. आता सांगते, आता सांगते असं मनात म्हणत मी म्हटलं, "हलिमाबी, चहा टाकू?"

चहा पिऊन ती गेली. मी मनाची समजूत घातली की दादांच्या अर्जात सगळं असेल. सतरातले सोळा अर्ज माझ्या हातचे. सतरावा दादांचा, तो ते स्वतः लिहीत होते, दार लावून, कायद्याची जाडजूड पुस्तकं उघडून. रस्ता, विहीर, हलिमाबींचं घर, सगळं त्यात यायचं होतं. बोट दुखायला लागलं ते त्या दिवसांत.

सुनावणी झाली ज्येष्ठाच्या तोंडाला. सभागृहातला पंखा वीज गेल्यामुळे थांबलेला, खिडक्यांतून गरम वारा. समितीची माणसं आणि मधे नगररचनेचे साहेब. साहेब देशावरचे, घामानं पार भिजलेले, पण माणूस शांत. आम्ही सगळे धुतलेल्या कपड्यांत, दादा काळ्या कोटात. साहेब म्हणाले, "वरची पाखाडी. सतरा हरकती. फारच जागरूक नागरिक आहात बुवा तुम्ही." आमच्या माना ताठ झाल्या. मग ते म्हणाले, "एकेक वाचतो, म्हणजे सगळ्यांना कळेल."

मोठ्यानं वाचतील हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

पहिला धोंडूतात्यांचा फणस. दादा ताडकन उठले, "खोटं! चार नाही, तीन!" मग काकूंचे कपडे. मग खालच्यांची मोरी. मग बकऱ्या. हलिमाबीनं मान वळवून आमच्या ह्यांच्याकडे पाहिलं, आणि हे छताचं बांधकाम बघायला लागले. मग कप्पी. दादा पुन्हा ताडकन. दहाव्या अर्जापर्यंत पाखाडीत एकमेकांशी बोलण्यालायक कुणी उरलं नव्हतं, आणि सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे, कारण अक्षर सगळीकडे माझंच. तरी मी धीर धरून होते. म्हटलं, दादांचा येऊ दे.

दादांचा आला. सात पानी. साहेबांनी घाम पुसला आणि वाचायला घेतलं. विषय, चित्रकला शिक्षकांच्या घराची पडवी मूळ हद्दीच्या हातभर पुढे असून विहिरीकडे जाणाऱ्या इसमांस घागरीसह अडथळा होतो, त्याबाबत.

माझ्या पडवीवर! ज्या पडवीत बसून सोळा अर्ज लिहिले, त्या पडवीवर! मी उठून म्हटलं, "दादा, आणि रस्ता? विहीर?"

दादांचा चेहरा पडला. "रस्त्याचं... रस्त्याचं तुम्ही सोळाजणांनी लिहिलं असेल म्हणून मी आपला..."

साहेबांनी शेवटचं पान उलटवलं. "सतरा हरकती झाल्या. रस्त्याबद्दल एकही नाही. मग रस्ता सगळ्यांना मान्य आहे, असं लिहून घेऊ?"

तेवढ्यात हलिमाबी उभी राहिली. "साहेब, रस्ता कुठून जानार?"

साहेबांना वाटलं असेल, हिला खरंच ठाऊक नाही असं कसं होईल? त्यांनी नकाशा उलगडला, तिला जवळ बोलावलं, पट्टीवर पेन्सिल फिरवली. ही पाखाडी, ही विहीर, हे विहिरीला खेटून असलेलं घर. तिनं विचारलं, "ह्या घराचा काय व्हनार?" साहेब म्हणाले, "ते रस्त्यात जाईल, बाई. मोबदला मिळतो."

ती साहेबांकडे बघत राहिली नाही. दादांकडेही नाही. ती वळली आणि मला म्हणाली, "तुना ठाव होता?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? तिनं पदर डोक्यावर नीट घेतला आणि खुर्चीवर बसली. ती रडली असती, ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

पुढं जे झालं ते फक्त आमच्याकडेच होऊ शकतं. साहेबांनी पेनाचं टोपण उघडलं तसे धोंडूतात्या उठले. तात्यांना साहेबाशी बोलायची सवय नव्हती. आपल्यापेक्षा मोठ्याशी बोलायची एकच रीत त्यांना ठाऊक. त्यांनी चपला काढल्या, टोपी सारखी केली, हात जोडले, डोळे मिटले, आणि पालखीपुढे लावायचा तो खणखणीत आवाज लावला.

"बा साहेबा म्हाराजा!"

आणि अख्ख्या सभागृहातून, काही विचार न करता, पिढ्यान्‌पिढ्यांच्या सवयीनं आवाज उठला, "व्हय म्हाराजा!" दारातल्या शिपायानंसुद्धा ओ दिली.

"आज ही जी काय पाखाडीची लेकरा तुज्या कचेरीत हुबी हायत, त्येनी एकमेकांची उनीदुनी काडली, नि बोलायचा त्या टायमाला गप ऱ्हायली, ती चूक पोटात घाल!"

"व्हय म्हाराजा!"

"फणस पडला, बकरी शिरली, कप्पी नेली, पडवी फुडं आली, ता समदा खरा हाय म्हाराजा! पन ता समदा त्या इहिरीवर हाय! इहीर ऱ्हायली तर आमचा भांडान ऱ्हायल, नायतर आमी भांडायचा तरी कुठं?"

"व्हय म्हाराजा!" ह्या वेळी दादांचा आवाज सगळ्यांच्या वर होता.

"नि ह्या हलिमाबीच्या घरावर जो काय लाल पट्टा आला हाय, ता कुनाच्या कागदाचा असल, कुनाच्या नजरंचा असल, ता बाजूला फिरव. तिचा घरवाला दर्यावर हाय, त्येला ह्याच निळ्या दारात परत आन रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

साहेब खुर्चीतून कधी उठले ते त्यांनाही कळलं नसावं. उभे होते आणि हात जोडलेले होते. मग भानावर आले, खाली बसले, आणि म्हणाले, "पण नकाशात ही विहीर पडीक दाखवलीय."

"पडीक?" सतरा घरं एकदम किंचाळली. मग उलगडा झाला. मोजणीवाले आले होते भर श्रावणात. श्रावणात विहिरीवर कोण कडमडतंय? पागोळीखाली हंडा लावला की घरबसल्या पाणी. काठावर शेवाळ, आसपास रानटी तेरडा, कप्पी तर दादांच्या कपाटात. त्यांनी लिहिलं, पडीक.

एव्हाना सगळ्यांना आपापली लाज वाटायला लागली होती. दादा उठले. "साहेब, मी माझी हरकत मागं घेतो." "मीपण." "मीपण." आमचे हेही म्हणाले, "बकऱ्यांबद्दल माझी तक्रार नाही."

"थांबा!" साहेब ओरडले. दिवसभरात पहिल्यांदाच. "एकानंही हरकत मागे घ्यायची नाही! अहो, ही विहीर वापरात आहे हे कागदावर फक्त तुमच्या भांडणात आहे. रोज पहाटेपासून सतरा घरं इथं पाणी भरतात, कपडे धुतात, बकऱ्या आणतात. वहिवाटीचा एवढा मोठा पुरावा मी उभ्या नोकरीत बघितला नाही. आणि हा," त्यांनी धोंडूतात्यांचा अर्ज उचलला, "ह्यात तर फणसाची मोजणीसुद्धा आहे." मग त्यांनी तांबडी पेन्सिल घेऊन सतराही अर्जांत जिथं जिथं विहीर होती तिथं खूण केली. दादांच्या सात पानांत ती अकरा वेळा होती. दादांना तेवढ्यातही बरं वाटलं.

चार दिवसांनी साहेब जागा बघायला आले. आम्ही सगळे नटूनथटून, हसतमुखानं एकमेकांना "तुम्ही आधी, तुम्ही आधी" करत उभे. साहेब वैतागले. म्हणाले, "नेहमीसारखं वागा हो!" पण सांगून भांडता येतं होय? शेवटी दादांच्या फणसाला दया आली, त्यानं एक फळ पाण्यात टाकलं, आणि धोंडूतात्या "पाच!" म्हणून ओरडले. पुढचं सगळं सुरळीत झालं. साहेब हसत हसत लिहीत होते.

हलिमाबी मात्र बाहेर आली नाही. तिनं आतूनच साहेबांसाठी पाण्याचा तांब्या पाठवला. माझ्याशी ती सुनावणीपासून बोलत नव्हती. मी विहिरीवर गेले की ती आपला दोर गुंडाळून बाजूला उभी राहायची, माझं भरून होईपर्यंत. भांडली असती तर मी भांडले असते. ही नुसती उभी. आषाढ गेला, श्रावण गेला, गणपती झाले. मी दोनदा तिच्या दारापर्यंत जाऊन परत आले. पंधरा पायऱ्यांचं अंतर, पण मला ते देवरूखपेक्षा लांब वाटायचं. खरं सांगते, रस्ता अंगावरून गेला असता तरी चाललं असतं, असं तेव्हा मला वाटे.

भातकापणी उरकता उरकता समितीचा निर्णय आला. विहीर वापरात. रस्ता तिला वळसा घालून जाईल. हलिमाबींचं घर सुटलं. वळसा घ्यायला जागा लागली ती दादांच्या परसातली आणि आमच्या पडवीची. फणस जाणार म्हणून दादा दोन दिवस जेवले नाहीत, आणि नंतर पडवी पाडली तेव्हा मी मोठ्यानं रडले, खोटं कशाला बोलू? दादांची सात पानी हरकत तेवढी शंभर टक्के मान्य झाली, पण आनंद व्हायला दादांना फणस उरला नव्हता. विहिरीला मात्र एक कप्पी कायमची लागली. दादांनीच बसवली, आणि वर किल्ली कुणाला दिली नाही, कारण कुलूपच लावलं नाही.

निर्णय कळला त्या संध्याकाळी हलिमाबी आली. पाचेक महिन्यांनी. पडवीच्या कडेला बसली. तिच्या हातात पोरीच्या वहीतलं एक कोरं पान होतं.

"लिव," म्हणाली.

मी पेन आणलं. "कुणावर?"

"तुज्यावर." तिनं माझ्याकडे बघितलं. "लिव. माजी हरकत हाय. हिनं मना बकरीचा लिवला, कप्पीचा लिवला, चाय पाजली, पन घराचा सांगला नाय. साठ दिवस नाय सांगला. दादा नाय बोलले ता चालला. दादा माजे कोन? पन ही माजी होती."

मी लिहिलं. जसं म्हणाली तसं, तिच्याच शब्दांत, एक काना इकडचा तिकडे न करता. लिहिताना एक थेंब कागदावर पडला आणि 'माजी' हा शब्द पसरला. तिनं खाली आपलं नाव लिहिलं. मोडक्या अक्षरात, सावकाश. मग पान माझ्याकडे सरकवून म्हणाली, "आता तू साहेब. निकाल दे."

मी तिच्या सहीखाली लिहिलं, हरकत मान्य. सही केली. तारीख घातली.

तिनं ते पान वाचलं नाही. घडी घातली, माझ्या हातात ठेवली आणि कंबरेवर हात देऊन उठली. "ऊठ," म्हणाली, "कळशी घे. पानी भरायला काय दादा येनार?"